राजवट पडली पण साहेब तेच! लस्ट्रेशन करायचं कसं

समजा चाळीस वर्षांची एकपक्षीय राजवट कोसळली, निवडणूक झाली, मंत्री नवे आले, पण खालची सगळी मंडळी जुनीच, काल परवापर्यंत तुमचे फोन चोरून ऐकणारा माणूस आज नव्या सरकारच्या नावाने सह्या ठोकतोय. १९८९ नंतर प्राग, वॉर्सा, बर्लिन सगळीकडे हीच डोकेदुखी होती. त्यावरचा उपाय म्हणजे लस्ट्रेशन, म्हणजे जुन्या राजवटीच्या गुप्त पोलिसांशी कोणाचा संबंध होता ते तपासून अशांना महत्त्वाच्या पदांपासून दूर ठेवणं.

आधी फायली वाचवा, कायदा मागाहून. पूर्व जर्मनीत भिंत पडल्यावर श्टासीवाले, म्हणजे तिथले गुप्त पोलीस, रेकॉर्ड फाडत सुटले. ४ डिसेंबर १९८९ ला एरफुर्टमध्ये लोक त्यांच्या ऑफिसात घुसले, १५ जानेवारी १९९० ला बर्लिनच्या मुख्यालयात. तरी तोवर फाडलेल्या कागदांची सुमारे १६ हजार पोती निघाली, आणि मग न्युरेंबर्गजवळच्या त्सिर्नडॉर्फमध्ये सरकारी कर्मचारी टेबलावर तुकडे पसरून कागदाचा रंग, हस्ताक्षर, फाटलेली कड जुळवत वर्षानुवर्षं पानं चिकटवत बसले.

मग पदांची यादी करा. माणसांची नाही, पदांची! चेकोस्लोव्हाकियाच्या १९९१ च्या कायद्यात मंत्रालयं, सैन्य, पोलीस, न्यायालयं, सरकारी रेडिओ-टीव्ही इथली वरची पदं होती, खासदारकी नव्हती, कारण तिथे कोणाला बसवायचं ते मतदार ठरवतील. अशा पदावरच्या माणसाने गृहमंत्रालयाकडून सर्टिफिकेट आणायचं की मी गुप्त पोलिसात नव्हतो, त्यांचा खबरी नव्हतो, जिल्हा पातळीपासून वरचा पक्षसचिव नव्हतो वगैरे. नाही मिळालं तर पद सोडा. १ डिसेंबर १९७१ नंतर जन्मलेल्यांना सूट, राजवट पडली तेव्हा ही पोरं अठराचीसुद्धा नव्हती.

घोळ इथेच होतो बरं का. रजिस्टरमध्ये नाव आहे म्हणजे माणूस खबरी होताच असं नाही. गुप्त पोलीस ‘याला गळाला लावता येईल’ म्हणूनही नाव लिहून ठेवायचे, त्या बिचाऱ्याला पत्ताच नसायचा. अशा ‘उमेदवारां’चा गट कायद्यात होता, तो १९९२ मध्ये घटना न्यायालयाने उडवला. पण त्याच वर्षी जूनमध्ये पेत्र त्सिबुल्का नावाच्या जुन्या विरोधकाने दीडेक लाख नावांची यादी सरळ छापून टाकली, पडताळणी नाही की काही नाही. त्यात लेखिका झ्देना सालिव्हारोव्हा यांचंही नाव, ज्या टोरंटोत बसून नवऱ्याबरोबर बंदी घातलेली चेक पुस्तकं छापायच्या! त्या कोर्टात जाऊन जिंकल्या, पण व्हायची ती बदनामी होऊन गेली होती. म्हणून यादी लीक होऊ देऊ नका, कितीही हात शिवशिवले तरी.

मला विचाराल तर पोलंडची १९९७ ची पद्धत जास्त शहाणपणाची. तिथे प्रत्येकाने लिहून द्यायचं की मी गुप्त पोलिसांना मदत केली होती की नाही. ‘केली होती’ म्हणालात तर ते जाहीर होणार, पण पद आपोआप जात नाही, खोटं बोललात तर मात्र दहा वर्षं घरी बसा. म्हणजे शिक्षा भूतकाळाला नाही, थापेला. नंतरच्या एका सरकारने २००६ मध्ये हेच पत्रकार आणि प्राध्यापकांपर्यंत ताणलं आणि २००७ मध्ये घटना न्यायालयाने त्याचा बराच भाग रद्द केला, अतिउत्साह नडतो तो असा.

मुदत घालायला विसरू नका. चेक कायदा पाच वर्षांसाठी होता, १९९५ मध्ये वाढवायला निघाले तेव्हा राष्ट्राध्यक्ष हावेल यांनी व्हेटो वापरला, संसदेने तो फिरवला आणि २००० मध्ये तर मुदतच काढून टाकली. युक्रेनने २०१४ मध्ये वेगळीच गंमत केली, पायउतार झालेले राष्ट्राध्यक्ष यानुकोविच यांच्या काळात अमुक पदावर वर्षभर होता ना, मग तू दहा वर्षं बाद, स्वतः काय केलं याची चौकशीच नाही. सुक्याबरोबर ओलंही जळालं आणि २०१९ मध्ये स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने युक्रेनला दोषी धरलं.

आणि अपील खरं असू द्या, नावापुरतं नको. स्लोव्हाकियातल्या शिक्षण खात्याच्या एका अधिकाऱ्याला कोर्टाने सांगितलं की तुझी नोंद नियमाविरुद्ध झाली हे तूच सिद्ध कर, आणि ते नियम गुप्त! २००६ मध्ये स्ट्रासबुर्गने त्याच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा ज्याला काढताय त्याची फाइल, आणि ती ज्या नियमांनी बनली ते नियमही, सुनावणीच्या आधी त्याच्या हातात द्या.