आकाशगंगेच्या केंद्रातला वायू: या वाटेला येणाऱ्यांसाठी

“खगोलशास्त्र करायचंय, पण मुंबईत तारेच दिसत नाहीत,” असं म्हणणारे विद्यार्थी मला वरचेवर भेटतात. आमच्या विषयापुरती ही चिंता सोडून द्या. आकाशगंगेचं केंद्र धनू राशीच्या दिशेला, सुमारे २६,००० प्रकाशवर्षांवर आहे. वाटेत इतकी धूळ आहे, की तिथून निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या एक लाख कोटी फोटॉनांपैकी जेमतेम एक आपल्यापर्यंत पोचतो. लडाखचं आकाशही इथे कामाचं नाही. २.२ मायक्रॉनच्या अवरक्त प्रकाशात मात्र दहातला साधारण एक पोचतो, आणि आमचं सगळं काम त्याच्या जोरावर चालतं.

केंद्राजवळचा तेजस्वी तारा घ्यायचा, त्याचा वर्णपट काढायचा आणि मधल्या वायूने त्यातलं काय शोषलं ते पाहायचं. माझा जीव जडला तो एच३+ या आयनावर. तीन प्रोटॉन, दोन इलेक्ट्रॉन, बस्स. आंतरतारकीय ढगांत तो पहिल्यांदा सापडल्याचं टॉम गेबाल आणि ताकेशी ओका यांनी १९९६ साली जाहीर केलं. त्याची ३.५३ मायक्रॉनची शोषणरेषा उमटायला आयन तळापासून ३६१ केल्विन वरच्या ऊर्जापातळीत असावा लागतो (आम्ही ऊर्जाही तापमानाच्या एककात मोजतो). वाटेतल्या सर्पिल बाहूंमधल्या थंड ढगांत असे आयन जवळजवळ नसतातच. म्हणून ही रेषा दिसली की वायू केंद्राकडचा. आता ३.६२ मायक्रॉनवर पाहा. तिथली रेषा याहून खालच्या पातळीतून येते, तरी जवळपास गायब! त्या पातळीतून आयन महिन्याभरात आपणहून खाली उतरतो, आणि वायू इतका विरळ, की तेवढ्यात त्याला परत वर चढवायला पुरेशा टकरीच होत नाहीत. एका रेषेच्या असण्यावरून आणि दुसरीच्या नसण्यावरून कळलं, की तिथे सुमारे २५० केल्विनचा विरळ वायू दूरवर पसरलाय. मला हे अजूनही विलक्षण वाटतं.

खरी मेहनत मात्र आपल्याच हवेशी असते. पाण्याची वाफ आणि मिथेन त्याच पट्ट्यात आपल्या रेषा उमटवतात. त्या काढायला आकाशात तेवढ्याच उंचीवरच्या प्रमाण ताऱ्याच्या, म्हणजे ज्याचा स्वतःचा वर्णपट आधीच माहीत आहे अशा ताऱ्याच्या, वर्णपटाने भागायचं. तरी शंका उरते. अशा वेळी काही महिन्यांनी घेतलेला त्याच ताऱ्याचा वर्णपट शेजारी ठेवा. केंद्र पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाजवळ आहे, त्यामुळे वर्षभरात आपण सेकंदाला ३० किलोमीटरपर्यंतच्या वेगाने कधी त्याच्याकडे जातो, कधी दूर. डॉप्लर परिणामामुळे वायूची रेषा सरकेल, हवेची जागची हलणार नाही.

तयारी म्हणाल तर बीएस्सीतला क्वांटम मेकॅनिक्सचा कोनीय संवेगाचा भाग पक्का करा आणि पायथन शिका. कुलाब्याच्या टीआयएफआरने (टाटा मूलभूत संशोधन संस्थेने) बनवलेला टिर्स्पेक हा अवरक्त वर्णपट घेणारा उपकरणसंच लडाखमधल्या हानलेच्या दोन मीटरच्या दुर्बिणीवर बसलाय. तो १ ते २.५ मायक्रॉन पाहतो. टीआयएफआरचा उन्हाळी व्हीएसआरपी किंवा मानखुर्दच्या होमी भाभा केंद्राचा एनआययूएस, हे विद्यार्थ्यांना संशोधनाची ओळख करून देणारे उपक्रम आहेत; दोन्हीकडे अर्ज करा. पीएचडीसाठी जेस्ट ही प्रवेशपरीक्षा आहेच. एच३+च्या रेषा टिर्स्पेकच्या पट्ट्यापलीकडे आहेत, त्यांच्यासाठी हवाई आणि चिलीतल्या मोठ्या दुर्बिणी लागतात, पण त्यांची बरीचशी निरीक्षणं ठरावीक मुदतीनंतर सर्वांना खुली होतात. घरबसल्या उतरवून घेता येतात.

पहिला तारा निवडताना केंद्राजवळच्या क्विंटुप्लेट या ताऱ्यांच्या गुच्छातला जीसीएस ३-२ घ्या. अवरक्तात तो झगझगीत आहे आणि भोवतीच्या उष्ण धुळीमुळे त्याचा स्वतःचा वर्णपट जवळजवळ सपाट आहे. हवेच्या रेषा वजा केल्यावर जे खाचखळगे उरतील, ते मधल्या वायूचे.