घरच्या बागेत बटाटा लावायची वेळ कशी ठरवायची

अमुक महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात बटाटा लावा, असं कुणी सांगितलं तर आधी विचारायचं, कुठल्या मातीत? भिंतीच्या आडोशाचा वाफा आणि उघड्यावरचा वाफा एकाच बागेतले असले तरी एकाच दिवशी तयार होत नाहीत. बटाट्याला तारीख कळत नाही. मातीचं तापमान कळतं, मातीतला ओलावा कळतो आणि रात्रीचा गारवा कळतो. या तिन्ही गोष्टी घरी मोजता येतात.

जमीन भुसभुशीत करून कुजलेलं खत मिसळलं आहे असं धरून चालू. ताजं शेण आणि चुना मात्र घालू नका. मातीचा सामू (आम्ल-अल्कतेचं माप, pH) ५ ते ६.५ असला की बटाटा खूश असतो. त्याच्या वर गेला की सालीवर खपल्या धरायला लागतात.

आधी उलटं मोजा

लवकर येणाऱ्या जाती ७५ ते ९० दिवस घेतात, मध्यम ९० ते ११० आणि उशिराच्या ११० ते १३०. लावल्यापासून साधारण चार ते सहा आठवड्यांनी झाड जमिनीखाली कंद धरायला लागतं. तिथून पुढे कंद पोसत असताना माती १५ ते २० अंश सेल्सिअस हवी. त्या काळात रात्री २० अंशांच्या वर राहिल्या की कंद कमी धरतात. माती ३० अंशांच्या आसपास गेली तर पोसणं जवळजवळ थांबतंच. कंद धरण्याचा निरोप पानांकडून खाली जातो आणि उकाड्यात तोच जात नाही. झाड मात्र गुडघ्याच्या वर, हिरवंगार दिसतं. पाला बघून खूश झालेल्या माणसाला खणल्यावर सुपारीएवढे चार बटाटे मिळतात ते यामुळे.

म्हणून गणित असं करा. तुमच्याकडे सलग गारव्याचे किती दिवस मिळतात ते बघा. थंड प्रदेशात हे दिवस शेवटच्या कडक दंवापासून उन्हाळ्याच्या ऐन भरापर्यंतचे असतात, उष्ण प्रदेशात पाऊस सरल्यापासून पुन्हा ऊन तापेपर्यंतचे. तेवढ्यात बसेल ती जात निवडा. आवडती जात बसत नसेल तर ती सोडून द्या.

दिवस नक्की करणं: इथेच बहुतेकांचं चुकतं

मातीत खुपसता येईल असा थर्मामीटर घ्या. स्वयंपाकातला सुईसारखा असतो तोही चालतो. वाफ्यात १० सेंटीमीटर खोल खुपसून दोन मिनिटं थांबा. हवेचं तापमान बघून लावणं हा शुद्ध जुगार आहे, कारण हवा दोन दिवसांत तापते आणि मातीला आठवडा लागतो.

थंड प्रदेशात हे माप सकाळी घ्या, ऊन वाफ्यावर यायच्या आत. सलग पाच दिवस ८ ते १० अंश मिळाले की लावा. ७ अंशांच्या खाली कोंब जवळजवळ हलत नाही, बेणं, म्हणजे लावलेला बटाटा, नुसतं पडून राहतं. कोंब वर यायला गार मातीत तीन-चार आठवडे लागतात, त्यामुळे शेवटच्या दंवाच्या दोन-तीन आठवडे आधी लावलं तरी चालतं. वर आलेल्या पानांवर दंव पडलं तर ती काळी पडतात. झाड खालून पुन्हा फुटतं, पण ते दिवस भरून येत नाहीत. दंवाचा अंदाज असेल त्या संध्याकाळी कोवळ्या कोंबांवर माती ओढून घ्यायची, एवढं पुरतं.

उष्ण प्रदेशात हेच माप दुपारी चार-पाचच्या सुमाराला घ्यायचं, कारण इथली भीती उलटी आहे. दुपारी १० सेंटीमीटरवर माती २५ अंशांच्या खाली आणि रात्रीची हवा २० अंशांपर्यंत उतरलेली हवी, तीही उतरत्या कलात. पहिल्या गार झुळकेला भुलून लावलेले बेण्याचे काप तापलेल्या ओल्या मातीत आठवड्याभरात सडतात. उकरून बोटाने दाबून बघा: आतला गर पाणी पाणी झालेला असतो, वर नुसती साल राहते आणि वास येतो. थोडं आधी लावणं भागच असेल तर बेणं कापू नका, ३० ते ५० ग्रॅमचे अख्खे बटाटे लावा आणि वर वाळलेल्या पाल्याचं जाड आच्छादन घाला. थंड प्रदेशात मात्र हे आच्छादन सुरुवातीला नको, त्याने माती तापायला आणखी उशीर होतो.

आता वाफसा, म्हणजे माती ओलसर पण मोकळी असणं. तापमान जुळलं आणि माती चिखल असेल तर थांबा. मूठभर माती घट्ट दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून टाका. गोळा फुटला तर वाफसा आहे. थापला गेला तर अजून दोन-तीन दिवस पाऊलही टाकू नका. ओल्या मातीत हवा नसते, आणि हवा नसली की कापलेल्या बाजूवर खपली धरत नाही. तापमान आणि वाफसा यांत एकच जुळत असेल, तर थोड्या गार पण मोकळ्या मातीत लावलेलं परवडतं. उबदार चिखलात लावलेलं कधीच परवडत नाही.

तिसरी अट बेण्याची, आणि ती हटकून विसरली जाते. काढणीनंतर बटाटा साधारण दोन ते तीन महिने झोपलेला असतो. त्या काळात कितीही चांगल्या मातीत घातला तरी उगवत नाही. उलट फार जुनं, लांब कोंब मोडून मोडून दमलेलं बेणं गार मातीत गेलं की कोंब वर येतच नाही. महिन्याने उकरलं तर कोंबाच्या टोकाला गोट्यांएवढे पांढरे बटाटे लागलेले असतात आणि वर पानाचा पत्ता नसतो. बेण्यातला सगळा साठा त्यातच संपतो. माती अजून गार असताना मोड उतू चालले असतील तर बेणं गार, उजेडाच्या जागी हलवून थोपवून धरा. थोपलं नाहीच, तर ते स्वयंपाकघराला द्या आणि लावायला दुसरं आणा.

कोंब हवेत १ ते २ सेंटीमीटरचे, जाड, हिरवट-जांभळे. त्यासाठी बेणं उजेडात पण उन्हात नाही, अशा जागी एका थरात पसरायचं. थंड जागी चार ते सहा आठवडे, उबदार जागी दहा-बारा दिवस. अंधारातले पांढरे, दोऱ्यासारखे कोंब लावताना मोडतात. शीतगृहातून आणलेलं बेणं त्याच दिवशी कापू नका. त्याला घाम सुटतो आणि त्या ओलीवर काप कुजतो. आठ-दहा दिवस सावलीत राहू द्या, मग स्वच्छ सुरीने ४० ते ५० ग्रॅमचे काप करा, प्रत्येकाला दोन-तीन डोळे. काप दोन-तीन दिवस सावलीत, हवेशीर जागी ठेवले की कापलेला भाग कोरडा आणि थोडा चामड्यासारखा होतो. कापाला राख फासली की झालं, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. राखेने ओल टिपली जाते, जखम भरत नाही. दोन दिवस थांबायला पर्याय नाही.

लावणी आणि नंतरचं

दोन ओळींत ६० सेंटीमीटर अंतर, दोन बेण्यांत २० ते २५, खोली ८ ते १०, कोंब वर. १० चौरस मीटरला साधारण ३ किलो बेणं पुरतं.

झाडं १५-२० सेंटीमीटरची झाली की मातीची भर द्या, तीन आठवड्यांनी पुन्हा. उघडा पडलेला बटाटा हिरवा होतो आणि तो खायचा नसतो. काढणीच्या दहा-बारा दिवस आधी पाणी तोडा.

वेळ हुकली तर

थंड प्रदेशात दोन-तीन आठवडे उशीर झाला तर फार बिघडत नाही. माती उबदार असल्याने उगवण लवकर होते आणि फरक बराचसा भरून निघतो. उष्ण प्रदेशात तसं नाही. तिथे उशिराचा प्रत्येक आठवडा पोसण्याच्या काळातून वजा होतो, म्हणून लगेच लवकरच्या जातीकडे वळा. गारव्याचे ७५ दिवसही हातात उरले नसतील, तर त्या वाफ्यात पालेभाजी टाका आणि बेण्याचे पैसे वाचवा.