मुलांचा रात्रीचा मोबाइल: काय करावं, कुठे अडतं

सोशल मीडियाचा मुलांच्या मनाला होणारा त्रास कमी करायचा असेल, तर आधी रात्र सांभाळा. १३ ते १८ या वयात ८ ते १० तासांची झोप लागते. सकाळी ६ वाजता उठणाऱ्या मुलाचा १० वाजता डोळा लागायला हवा, म्हणजे मोबाइल ९ वाजता हातातून सुटायला हवा. झोप मोडली की चिडचिड वाढते, अभ्यासात लक्ष लागत नाही. शिवाय रात्री साडेअकराला वाचलेली खोचक कमेंट मनात घोळत राहते, कारण त्या वेळी बोलायला कुणी जागं नसतं.

चार्जर मुलांच्या खोलीतून काढून हॉलमध्ये लावा. आईबाबांचे फोनही तिथेच ठेवा, नाहीतर हा नियम टिकणं कठीण. ‘गजर लावायचाय’ म्हणतील, तर साधं गजराचं घड्याळ आणा. स्नॅपचॅटची स्ट्रीक (मित्रांनी रोज एकमेकांना स्नॅप, म्हणजे फोटो, पाठवण्याची सलग मालिका) तुटेल ही भीती मुलांना खरंच असते, तिला हसू नका. स्नॅप संध्याकाळीच पाठवायला सांगा. क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा गृहपाठही ९ च्या आधी उतरवून घ्यावा.

आता सेटिंग. इन्स्टाग्रामवर १८ वर्षांखालच्यांना टीन अकाउंट मिळतं: खातं प्रायव्हेट, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन बंद, दिवसाला ६० मिनिटं झाली की ॲप बंद करण्याची आठवण. हे नियम सैल करायला १६ वर्षांखालच्यांना पालकांची परवानगी लागते. पण खातं उघडताना जन्मसाल खोटं टाकलं असेल, तर हे लागू होईलच असं नाही. म्हणून आधी जन्मतारीख तपासा. नोटिफिकेशन बंद असली तरी ॲप उघडतं, हेही लक्षात ठेवा. अँड्रॉइड फोनच्या डिजिटल वेलबीइंग या सेटिंगमधला ॲपची वेळ ठरवणारा टायमर मूल स्वतःच काढू शकतं. रात्री फोन लॉक करायचा तर फॅमिली लिंक हे गूगलचं पालकांसाठीचं ॲप वापरा. हे सगळं मुलासमोर, त्याला सांगून करा. चोरून चॅट वाचलेले कळले, की मूल दुसरं खातं उघडतं आणि अडचणीत आलं तरी तुमच्याकडे येत नाही. माझ्या मते हे नुकसान सर्वांत मोठं.

दोन आठवडे मूल उदास असेल, जेवण-झोप बिघडली असेल, मित्र तोडले असतील, तर मोबाइलशी भांडत बसू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास बोलता येतं, मराठीतही. मरणाची किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा आली, तर दोन आठवडे थांबायचं नाही: त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि तोवर मुलाला एकटं ठेवू नका.