टीवर चेंडू दर वेळी एकाच उंचीवर कसा ठेवावा

गोल्फमध्ये ड्रायव्हरचा (सर्वांत लांब पल्ल्याच्या क्लबचा, म्हणजे काठीचा) एक फटका लांब जातो आणि पुढच्या होलवर तोच फटका आभाळात चढून जवळच पडतो, तेव्हा बहुतेक खेळाडू दोष स्विंगला देतात. स्विंगच्या आधी टीची, म्हणजे चेंडू ठेवायच्या छोट्या खुंटीची, उंची तपासावी, असे माझे ठाम मत आहे. चेंडू किती उंचीवर असावा हे पूर्णपणे आपल्या हातात असते ते टी-शॉटच्या, म्हणजे होलच्या पहिल्या फटक्याच्या वेळी, आणि नेमके तेच काम घाईत, अंदाजाने उरकले जाते.

ड्रायव्हरसाठी सर्वमान्य माप असे, की क्लब चेंडूमागे टेकवल्यावर चेंडूचा वरचा अर्धा भाग क्लबच्या क्राउनच्या (डोक्याच्या वरच्या पृष्ठभागाच्या) वर दिसावा. हे माप आकड्यात आणणे सोपे आहे. नियमानुसार चेंडूचा व्यास किमान 42.67 मिमी असतो, म्हणजे त्याचा अर्धा भाग साधारण 21 मिमी. घरी सपाट फरशीवर ड्रायव्हर टेकवून क्राउनची उंची फूटपट्टीने मोजावी आणि त्यातून 21 वजा करावेत. क्राउन 59 मिमी उंच असेल, तर टीचा 38 मिमी, म्हणजे सुमारे दीड इंच भाग जमिनीच्या वर राहायला हवा. टीच्या वाटीत चेंडू किंचित खाली बसतो, पण तो फरक दर वेळी सारखाच असल्याने सोडून दिला तरी चालतो. ही उंची साधली, की क्लब वर येत असताना चेंडू फेसच्या (क्लबच्या डोक्याच्या पुढच्या सपाट बाजूच्या) मध्याच्या थोडा वर लागतो, त्यामुळे तो उंच निघतो आणि त्याची बॅकस्पिन (मागच्या दिशेची गिरकी) कमी राहते. टी फार खाली असेल तर चेंडू फेसच्या खालच्या भागावर लागून बॅकस्पिन वाढते व अंतर घटते. फार उंच असेल तर क्राउनवर ओरखडे उमटतात.

मग 70 किंवा 83 मिमी लांबीच्या टी घ्याव्यात आणि प्रत्येकीवर वाटीच्या काठापासून आपले माप घेऊन पर्मनंट मार्करने सभोवार रेघ मारावी. नियमाप्रमाणे टीची लांबी चार इंचांपेक्षा, म्हणजे 101.6 मिमीपेक्षा जास्त असता कामा नये. टी रोवताना चेंडू तळहातात धरावा, टीचा दांडा तर्जनी व मधल्या बोटाच्या मध्ये घ्यावा आणि चेंडूनेच वरून सरळ दाब देत रेघ मातीला टेकेपर्यंत ती खाली न्यावी. त्यानंतर खाली बसून एकदा बाजूने पाहावे, कारण उभे राहून वरून पाहताना उंचीचा अंदाज फसतो.

गोव्यात खरी अडचण जमिनीची आहे. शिमगा सरला, की जांभ्याची माती इतकी कडक होते की लाकडी टी दाबतानाच मोडते. अशा वेळी जुन्या मोडक्या टीने किंवा डिव्हॉट टूलने (हिरवळीवरचे खड्डे सारखे करायच्या छोट्या काट्याने) आधी छिद्र पाडून घ्यावे. काणकोणच्या राजबागसारख्या किनाऱ्यालगतच्या मैदानांवर माती वाळूसर असेल, तर टी सहज आत जाते, पण चेंडूच्या भाराने कलते किंवा आणखी खचते. तेथे 83 मिमीची टी वापरावी, म्हणजे 45 मिमी भाग आत राहून तिला आधार मिळतो, आणि चेंडू ठेवून झाल्यावर रेघ पुन्हा पाहावी. चवथीच्या सुमारास गवत दाट असते, त्या वेळी माप गवताच्या टोकापासून न धरता मातीपासूनच धरावे. टीईंग एरियात (होलचा पहिला फटका मारायच्या जागेत) चेंडूमागची जमीन दाबण्यास, गवत उपटण्यास आणि दव पुसण्यास नियमांची मुभा आहे. फेअरवेवर (पुढच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) ती नाही.

दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटला, की अनेक जण टी खाली घेतात. मला हे पटत नाही. टी खाली गेली, की हात नकळत वरून खाली मारू लागतात, बॅकस्पिन वाढते आणि वाऱ्यात चेंडू अधिकच वर चढतो. उंची कमी करायचीच असेल, तर ती वेगळ्या रंगाची दुसरी रेघ मारून करावी, म्हणजे निदान तीही दर वेळी सारखी राहील.

बाणावलीच्या पार-थ्री (प्रत्येक होल तीन फटक्यांत पुरे व्हावे इतक्या लहान) मैदानावर ड्रायव्हरची गरज क्वचितच पडते. आयर्नसाठी (धातूच्या पातळ पात्याच्या क्लबसाठी) टी जमिनीच्या वर जेमतेम 5 ते 6 मिमी आणि फेअरवे वुडसाठी (ड्रायव्हरपेक्षा लहान डोक्याच्या क्लबसाठी) साधारण 12 मिमी दिसावी. इतके लहान माप रेघेने साधणे कठीण जाते, म्हणून खांदा असलेली प्लास्टिकची कॅसल टी घ्यावी; खांदा मातीला टेकला की ती पुढे जातच नाही. बोस्टनचे दंतवैद्य जॉर्ज फ्रँकलिन ग्रँट यांनी 1899 मध्ये लाकडी टीचे पेटंट घेतले, त्या काळी खेळाडू ओल्या वाळूची ढेकळी बोटांनी रचून तिच्यावर चेंडू ठेवत. वाळूवर ठेवून खेळणे आजही नियमबाह्य नाही, मात्र एकसारखी उंची त्यात मिळत नाही.

फटका मारण्यापूर्वी चेंडू टीवरून घरंगळला, तर दंड पडत नाही. तो नुसता परत ठेवू नये. टी उपटून बाजूला सरळ रोवावी, कारण चेंडू पडतो तो बहुधा टी कललेली असते म्हणून, आणि कललेल्या टीवर रेघेचे मापही खरे राहत नाही.