इंटरनेट सेवेत भेदभाव होत असल्याची शंका आल्यास लघुउद्योजकांनी काय करावे

रत्नागिरीचा आंबा बागायतदार स्वतःच्या संकेतस्थळावरून थेट पुण्याच्या ग्राहकाला पेटी विकू शकतो, त्यामागे एक नियम आहे. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेचे पान आणि बागायतदाराचे पान यांत इंटरनेट कंपनीने दुजाभाव करायचा नाही, असा तो नियम. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकूर पाहून डेटाचे वेगवेगळे दर आकारण्यास बंदी घातली. फेसबुकची 'फ्री बेसिक्स' ही निवडक संकेतस्थळे मोफत वापरू देणारी योजना त्यामुळेच भारतात बंद झाली. पुढे २०१८ मध्ये इंटरनेट कंपन्यांच्या परवान्याच्या अटींत बदल करून कोणतेही संकेतस्थळ वा अॅप अडवणे, मुद्दाम संथ करणे किंवा कोणा एकाला जादा वेग देणे यांनाही मनाई करण्यात आली. ज्याच्याकडे जाहिरातीसाठी पैसा नाही आणि इंटरनेट कंपनीशी करार करण्याची ताकद नाही, अशा व्यावसायिकाला या नियमाचा सर्वाधिक आधार आहे.

मात्र संथ वेग म्हणजे भेदभाव नव्हे. तक्रारीपूर्वी हा फरक स्वतः तपासणे अत्यंत आवश्यक आहे, कारण बहुतेक तक्रारी इथेच फसतात. प्रथम आपली योजना नीट वाचावी. ठरावीक डेटा वापरल्यानंतर सर्वच सेवांचा वेग कमी होत असेल, तर तो योजनेच्या अटींचा भाग असतो. जास्त पैसे भरून अधिक वेगाची योजना किंवा स्वतंत्र लीज्ड लाइन (फक्त आपल्यासाठी राखीव जोडणी) घेणेही नियमबाह्य नाही. गर्दीच्या वेळी कंपनी डेटाच्या वाहतुकीचे नियोजन करू शकते. परंतु ते प्रमाणशीर, तात्पुरते आणि पारदर्शक असले पाहिजे. सरकारी आदेशाने बंद केलेले संकेतस्थळ हा तर सर्वस्वी वेगळा विषय आहे.

त्यानंतर संगणक वाय-फायऐवजी केबलने राउटरला जोडावा, इतर उपकरणे बंद ठेवावीत आणि सकाळ, दुपार, रात्र अशा वेगवेगळ्या वेळी वेग मोजावा. मोबाइल डेटासाठी ट्रायचे 'मायस्पीड' अॅप उपयोगी पडते. सर्व संकेतस्थळे सारखीच संथ असतील, तर दोष बहुधा जोडणीचा किंवा गर्दीचा असतो. आपले पेमेंट पान किंवा व्हिडिओ कॉल एवढेच सातत्याने अडखळत असेल आणि शेजाऱ्याच्या दुसऱ्या कंपनीच्या जोडणीवर ते सुरळीत चालत असेल, तर शंकेला जागा आहे. व्हीपीएन (डेटा दुसऱ्या सर्व्हरमार्गे, कंपनीला मजकूर न दिसता नेणारी सोय) लावल्यावर तीच सेवा वेगाने चालू लागली, तर शंका बळावते, पण सिद्ध होत नाही. डेटा लांबच्या किंवा कोंडलेल्या मार्गाने जात असल्यासही असेच घडू शकते. म्हणून आपले संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर आहे, त्या होस्टिंग कंपनीकडेही आधी विचारणा करावी.

प्रत्येक चाचणीची तारीख, वेळ, सेवेचे नाव, मिळालेला वेग आणि स्क्रीनशॉट एका वहीत किंवा तक्त्यात नोंदवावेत. व्यवहार अडकल्यामुळे ग्राहकाने मागणी रद्द केली असेल, तर ती नोंदही सोबत ठेवावी. 'नेट स्लो आहे' असे फोनवर सांगितल्यास राउटर बंद-चालू करण्याचा सल्ला मिळतो आणि तक्रार तिथेच संपते. त्याऐवजी कोणती सेवा, कोणत्या वेळी, कशाच्या तुलनेत संथ आहे हे लेखी कळवावे.

तक्रार प्रथम आपल्या कंपनीच्या तक्रार केंद्राकडेच करावी आणि डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, मागून घ्यावा. या क्रमांकाशिवाय पुढची पायरी चढता येत नाही. मुदतीत निवारण झाले नाही किंवा उत्तर समाधानकारक वाटले नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येते. त्यासाठी शुल्क नसते आणि निर्णय ३९ दिवसांत देणे बंधनकारक आहे. ट्राय वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते आणि त्यात महत्त्वाचा वेळ वाया जातो. अपिलानंतरही प्रश्न सुटला नाही, तर केंद्र सरकारच्या 'सीपीग्राम्स' पोर्टलवर दूरसंचार विभागाकडे तक्रार नोंदवावी. परवान्याच्या अटी पाळल्या जातात की नाही हे पाहणे त्या विभागाचे काम असल्याने अर्जात २०१८ च्या अटींचा स्पष्ट उल्लेख करून चाचण्यांचा तक्ता, योजनेची प्रत आणि डॉकेट क्रमांक जोडावेत. एकाच बाजारपेठेतील चार-पाच दुकानदारांना तोच त्रास होत असल्यास प्रत्येकाने आपापल्या नोंदींसह स्वतंत्र तक्रार करावी आणि इतरांच्या डॉकेट क्रमांकांचा संदर्भ द्यावा, म्हणजे दोष एका जोडणीपुरता आहे असे उत्तर देणे कंपनीला अवघड जाते.