अ‍ॅम्प बाद झाला म्हणून फेकू नका, स्पीकर जोडताना या चुका टाळा

गणपती जवळ आले की आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात पोरं बोलणारी आरास करायला घेतात, म्हणजे सेन्सरसमोर कोणी आलं की आवाज सुरू. मग एखादा पोरगा पीएएम८४०३ या अ‍ॅम्प चिपचं, म्हणजे स्पीकरसाठी आवाज मोठा करणारं, ते नखाएवढं बोर्ड घेऊन येतोच, दादा हा अ‍ॅम्प बाद निघाला, दुसरा कुठला घेऊ. मी बघितलेले बहुतेक अ‍ॅम्प चांगलेच होते, घोळ एकतर सप्लायचा नाहीतर ग्राउंडचा, म्हणजे सप्लायच्या मायनस जोडणीचा.

मागच्या वर्षी असंच एक बोर्ड आलं, बोट टेकवलं तर चटका बसला. बघतो तर वायर वाचवायची म्हणून दोन्ही स्पीकरचे मायनस एकत्र पिळून ग्राउंडला सोल्डर केलेले. पीएएम८४०३ मध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरी अ‍ॅम्पच चालवतो, तिथला मायनस म्हणजे ग्राउंड नाही, त्यामुळे प्रत्येक स्पीकरला त्याच्या स्वतःच्या दोन वायरी द्यायच्याच. एलएम३८६ या दुसऱ्या अ‍ॅम्प चिपचं मात्र वेगळं आहे, तिथं स्पीकरचं एक टोक ग्राउंडलाच जातं पण ५ नंबरच्या पिनपासून स्पीकरपर्यंत २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतो, प्लस बाजू चिपकडे. तो गाळला तर सप्लायच्या निम्मं डीसी व्होल्टेज सतत स्पीकरवर राहतं आणि आतली कॉइल तापत राहते.

आता सप्लाय. आवाज वाढवला की आर्डुइनो, म्हणजे आरास चालवणारं प्रोग्रॅमचं बोर्ड, रीसेट होतंय, गाणं अडखळतंय, असं असेल तर प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसू नका. ५ व्होल्टवर ४ ओहमचा स्पीकर दणक्याला १ अँपिअरच्या वर ओढू शकतो, आणि तुम्ही तो आर्डुइनोच्या ५ व्होल्ट पिनवरून बारीक जंपर वायरीनं देताय. अ‍ॅम्पला थेट चार्जरपासून वेगळी जाड वायर द्या, अ‍ॅम्पच्या सप्लाय पिनांवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका, निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात. आणि पीएएम८४०३ ला ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी चुकूनही लावू नका, त्याची हद्द ५.५ व्होल्ट आहे.

घुर्रर्र आवाज येत असेल तर व्हॉल्यूम पूर्ण शून्यावर आणा. तरीही घुरघुर राहिली तर सप्लाय किंवा ग्राउंड बघा, सगळे ग्राउंड एकाच ठिकाणी आणून जोडा. गेली तर इनपुटकडून येतेय, वायर छोटी करा, शील्डची म्हणजे वरून जाळीचं वेष्टन असलेली वापरा. डीएफप्लेअर, म्हणजे मेमरी कार्डवरची गाणी वाजवणारं छोटं मॉड्यूल, वापरत असाल तर त्याच्या आरएक्स (आदेश घेणाऱ्या) पिनला १ किलोओहमचा रेझिस्टर घालून बघा, खरखर बरीच कमी होते.

आवाज फाटतोय तर एलएम३८६ च्या १ आणि ८ पिनमधला कपॅसिटर काढा, गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते, २०० वरून २० वर येतो, आपल्या कामाला तेवढा पुरतो.

स्पीकर उघडा लोंबकळत ठेवला तर पुढचा-मागचा आवाज एकमेकाला खातो आणि बास मरतो, पुठ्ठ्याच्या खोक्याला गोल भोक पाडून त्यात घट्ट बसवा, फरक लगेच कळेल.

आणि टेस्टिंग दिवसा करून मोकळे होऊ नका, आमच्याकडच्या यंत्रमागांच्या खटखटीत बारीक शिट्टी, हिस काहीच ऐकू येत नाही, रात्री माग बंद झाले की स्पीकरला कान लावून एकदा ऐका आणि मगच खोकं चिकटवा.