आकडा एकदाच लिहा: स्प्रेडशीटची पहिली शीट

स्प्रेडशीट शिकवताना मी बेरजेपासून सुरुवात करत नाही. आधी वरच्या एका सेलमध्ये, म्हणजे खान्यात, फक्त दर लिहायला लावते. असं का, ते स्प्रेडशीटच्या जन्मातच सापडतं.

१९७८ साली डॅन ब्रिकलिन हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकत होते. वर्गात फळ्यावर हिशेबांचे मोठे तक्ते मांडले जात. एक आकडा बदलला की त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे खाने पुसून पुन्हा लिहायचे. हे काम संगणकानेच का करू नये, असं त्यांच्या मनात आलं. बॉब फ्रँक्स्टन यांनी प्रोग्रॅम लिहिला आणि १९७९ मध्ये ॲपल टू संगणकावर व्हिसिकॅल्क आलं. त्यात ६३ कॉलम आणि २५४ ओळी होत्या. कॉलमला अक्षर, ओळीला क्रमांक, अगदी आजच्यासारखं. त्याच्या दहा वर्षं आधी, १९६९ मध्ये, रेने पार्डो आणि रेमी लँडाऊ यांनी मोठ्या संगणकांसाठी लॅनपार हा असाच स्प्रेडशीट प्रोग्रॅम तयार केला होता. त्यांची आठवण फारशी कुणी काढत नाही, म्हणून मी मुद्दाम काढते. पुढे १९८३ मध्ये लोटस १-२-३ हा स्प्रेडशीट प्रोग्रॅम आणि १९८५ मध्ये एक्सेल आलं. एक्सेल आधी मॅकिंटॉशवर होतं, विंडोजवर ते १९८७ मध्ये पोचलं.

आता शीट उघडा. ए१ मध्ये ‘दर’ आणि बी१ मध्ये ४० लिहा. तिसऱ्या ओळीत शीर्षकं द्या: महिना, नग, रक्कम. चार ते नऊ या ओळींत सहा महिने आणि त्यांचे नग भरा. सी४ मध्ये =बी४*$बी$१ हा फॉर्म्युला टाइप करा (अक्षरं आणि अंक अर्थातच इंग्रजी). मग त्या सेलच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातला छोटा चौकोन धरून नवव्या ओळीपर्यंत ओढा.

डॉलरचं चिन्ह इथे फार महत्त्वाचं आहे. खाली ओढताना बी४ चं बी५, बी६ होत जातं, ते आपल्याला हवंच असतं. बी१ मात्र हलता कामा नये. डॉलर त्याला जागेवर धरून ठेवतो. व्हिसिकॅल्कमध्ये फॉर्म्युला कॉपी करताना प्रत्येक संदर्भासाठी विचारणा व्हायची, की हा सरकवायचा की तसाच ठेवायचा? डॉलर लावताना हाच प्रश्न स्वतःला विचारा, गोंधळ होणार नाही.

सी१० मध्ये =सम(सी४:सी९) लिहा (सम म्हणजे इंग्रजी SUM, बेरीज). आता बी१ मधला ४० काढून ४५ करा. सहाही रकमा आणि बेरीज एकदम बदलतील. फॉर्म्युल्यात थेट ४० लिहिलं असतं, तर तो एकेका ठिकाणी शोधत बसावं लागलं असतं. म्हणजे पुन्हा तोच फळा आणि तेच पुसणं.

एखादा आकडा बेरजेत धरला जात नसेल, तर तो सेलच्या डावीकडे चिकटलाय का बघा. सहसा आकडा उजवीकडे जातो आणि मजकूर डावीकडे. डावीकडे असेल, तर प्रोग्रॅम त्याला मजकूर समजतोय.

मोठी फाइल असेल तर शेवटची ओळ खरोखर शेवटचीच आहे ना, तेही तपासा. जुन्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडच्या सुमारे १६,००० रुग्णांच्या नोंदी याच मर्यादेमुळे वेळेवर पुढे गेल्या नाहीत. आताच्या फाइलमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, तरी मूळ नोंदी आणि शीटमधल्या ओळी मोजून जुळवल्याशिवाय बेरीज कुणाला पाठवू नका.